आउटबॅकात मागचाच टायर सारखा का जातो? तीन टायर घालवल्यावर सापडलेलं उत्तर

आधी लक्षण सांगते, म्हणजे तुमचं दुखणं तेच आहे का ते कळेल. शहरात आणि हायवेला टायर वर्षभर ठणठणीत. जुलैच्या शाळेच्या सुट्टीत ॲडलेडहून उत्तरेला, ऑस्ट्रेलियाच्या आतल्या ओसाड भागात म्हणजे आउटबॅकात निघालो आणि कच्च्या रस्त्याला लागलो की तीनचारशे किलोमीटरच्या आत टायर जाणार म्हणजे जाणार, आणि तो मागचाच, त्यातही बहुतेक वेळा डावीकडचा. पुढचे दोघे जावयासारखे मजेत. पहिल्या वर्षी एका ट्रिपमध्ये दोन गेले, दुसऱ्या वर्षी नवेकोरे टायर टाकूनही एक गेला, आणि ज्याला विचारावं तो एकच सांगणार, अहो आउटबॅक आहे, दगड लागला असेल. दगड आहेतच हो, पण दगड पुढच्या टायरला का लागत नाहीत?

रस्ता ऊडनाडाटा ट्रॅक. मारीपासून मार्लापर्यंत साधारण ६२० किलोमीटर, सगळा कच्चा, मध्ये विल्यम क्रीक आणि ऊडनाडाटा एवढीच काय ती गावं, दोन्हीच्या मध्ये दोनशेच्या आसपास किलोमीटर, आणि विल्यम क्रीकला गाव म्हणायचं तर जेमतेम दहाबारा माणसं. जुनी घान रेल्वे ह्याच वाटेने जायची, १९८० मध्ये ती बंद पडली. घान हे नाव उंटवाल्या अफगाणांवरून पडलंय, त्यांच्यातले बरेच जण खरं तर बलुचिस्तान आणि आपल्या उपखंडाच्या वायव्येकडून आले होते, आणि मारीत त्यांच्या मातीच्या मशिदीची प्रतिकृती आहे ती जरूर बघा. पण आज विषय टायरचा आहे.

पहिल्या वर्षी आम्ही पाच जण होतो, मी, नवरा, दोन मुलं आणि साताऱ्याहून आलेले माझे वडील. अण्णांनी तीस वर्षं एसटी चालवली. मला इथल्या कोणीतरी सांगितलं होतं की कच्च्या रस्त्याला हवा कमी कर, टायर मऊ होतो, दगड पोटात घेतो. बरोबरच आहे ते, पण किती कमी आणि कधी मोजून, ते मी विचारलंच नाही. मारीला दुपारी पोचलो, जेवलो, आणि गरम टायरची हवा सोडून चारही चाकं २४ पीएसआयवर (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) आणली आणि निघाले शंभरच्या स्पीडने. शंभर का, तर तो रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा असतो, चाळीस-पन्नासने गेलात तर दात वाजतात, आणि ऐंशी-नव्वदच्या वर गेलं की गाडी लाटांच्या टोकांवरून तरंगल्यासारखी जाते आणि वाटतं काय मस्त, जमलं आपल्याला! कुर्डिमुर्काच्या जुन्या स्टेशनाच्या पुढे मागून फडफड ऐकू आली, उतरून बघते तर टायरच्या बाजूच्या चिंध्या. स्टेपनी टाकली. विल्यम क्रीकला नशिबाने आमच्या साइजचा एक जुना टायर मिळाला. दुसऱ्या दिवशी तिथून कूबर पीडी गावाकडे फुटणाऱ्या रस्त्याला मागचा उजवा गेला.

ह्या वेळी अण्णांनी मला चाक गाडीत टाकू दिलं नाही. म्हणाले, थांब, मेलेल्या टायरला बोलू दे. खाली बसून त्यांनी फाटलेल्या जागेतून आत हात घातला आणि मूठभर काळा भुगा बाहेर काढला, अगदी भाजलेल्या रव्यासारखा बारीक. मग टायरच्या आतल्या बाजूला बोट फिरवून दाखवलं, रिमपासून चार बोटांवर गोल एक पट्टा होता, रबर खरवडल्यासारखं आणि निळसर काळं.

"किती हवा ठेवलेली?"

"चोवीस."

"थंड का गरम?"

मी गप्प.

"दगडाने नाही गेला हा. शिजलाय."

इथूनच खरं निदान सुरू होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीला दुमडते आणि उलगडते. तार हाताने मागेपुढे वाकवत राहिलं की गरम होऊन तुटते ना, तसंच. वजन जेवढं जास्त आणि स्पीड जेवढा जास्त, तेवढी ती दुमड मोठी आणि वेगवान, आणि आतली उष्णता वाढत वाढत रबर आणि आतले धागे एकमेकांपासून सुटायला लागतात. मग एखादा फालतू दगड निमित्त होतो आणि आपण दगडाला शिव्या घालतो. आणि मागचाच का, तर सगळं वजन मागे असतं. आमचंच बघा, साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो, दोन कॅनमध्ये चाळीस लिटर डिझेल म्हणजे चौतीस-पस्तीस किलो, फ्रिज, तंबू, छतावर पेटी, आणि वर माझं सामान म्हणजे दहा किलो कणीक, दोन कुकर, चकल्यांचा डबा. परत आल्यावर वजनकाट्यावर गाडी चढवली (हे मी आधी करायला हवं होतं, खर्च अगदी किरकोळ आहे) तर मागच्या ॲक्सलवर मर्यादेपेक्षा ११० किलो जास्त! त्यात पुढची चाकं दगड उडवतात ते नेमके मागच्यांच्या वाटेत उभे राहून पडतात. आणि डावीकडचा का तर आपण इथे डाव्या बाजूने चालवतो, समोरून रोड ट्रेन (दोनतीन ट्रेलर जोडलेला लांबलचक ट्रक) आली की कडेला दबतो, आणि सुटी खडी सगळी कडेलाच साठलेली असते. हे शेवटचं माझं निरीक्षण आहे, शास्त्र म्हणून घेऊ नका.

तर तुमचा टायर गेला असेल तर फेकायच्या आधी तो वाचा. आत काळा भुगा आणि बाजूला गोल पट्टा, म्हणजे हवा कमी, वजन जास्त, स्पीड जास्त, ह्यातलं एक किंवा तिन्ही. फक्त एक शंका काढून टाका, पंक्चर झाल्यावर न कळता दोनचार किलोमीटर तसंच चालवलं असेल तरी असाच भुगा निघतो, म्हणून दुसऱ्या बाजूच्या धडधाकट टायरलाही हात लावून बघा, तोही चटका देत असेल तर शिजण्याचंच प्रकरण आहे. नक्षीच्या मधोमध स्वच्छ भोक किंवा चीर आणि आत भुगा नाही, तर तो खरंच दगड, आणि बहुतेक हवा जास्त. आणि टायर फाटलेला नाही, भोक सापडत नाही, पण रोज सकाळी तोच एक टायर बसलेला, तर ती तिसरीच गोष्ट, तिच्याकडे येते.

दुसऱ्या वर्षी मी शहाणपणा केला. हवा कमी ठेवून टायर शिजतात ना, मग ठेवते भरपूर, म्हणून नवे टायर आणि चारही चाकांत ४२. गाडी अशी उडत होती की मुलाने मागून विचारलं, आई आपण बैलगाडीत आहोत का. अल्जेबकिनाचा जुना रेल्वे पूल (१८९२ चा, सहाशे मीटरला थोडा कमी, थांबून बघण्यासारखा) ओलांडून ऊडनाडाट्याकडे जाताना तो दगडांचा पट्टा लागतो ना, लोखंडाच्या रंगाचे, वाऱ्याने घासून चकचकीत झालेले, त्याला तिथे गिबर म्हणतात. अख्खा दगड काही करत नाही पण फुटलेल्या तुकड्याची कड चाकूसारखी असते. फुगलेला कडक टायर त्याच्यावर दबत नाही, सरळ टोचून घेतो. मागचा डावा, नक्षीत भोक, करंगळी जाईल एवढं. नेटवर्क मिळाल्यावर अण्णांना फोन केला तर हसायलाच लागले, म्हणे आधी भात गाळ केलास आता कच्चा ठेवलास.

मग तिसऱ्या वर्षी जे केलं आणि ज्याने एकही टायर गेला नाही ते असं. हवा मोजायची ती फक्त सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिलेली असताना, आणि ऊन एका बाजूला पडायच्या आधी, कारण उन्हातल्या बाजूचे टायर दोनतीन पीएसआय जास्त दाखवतात आणि तुम्ही उगाच त्यांची हवा सोडता. तिकडे जुलैत पहाटे चारपाच डिग्री आणि दुपारी वीसबावीस असतं, आणि साधारण साडेपाच डिग्रीला एक पीएसआय असा फरक पडतो, म्हणजे नुसत्या हवामानानेच तीन पीएसआय इकडे तिकडे. सकाळी चारही टायर सारखेच उतरलेले दिसले तर घाबरू नका, ती थंडी आहे. एकच उतरला असेल तर गळती.

किती ठेवायची, तर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर पूर्ण वजनाचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो धरा. आमच्या गाडीत मागे ४०. कच्च्या रस्त्याला त्याच्यातून वीस टक्के कमी, म्हणजे ३२, आणि पुढच्या ३६ च्या २९. त्याबरोबर स्पीड ऐंशीच्या वर नाही, हा सौद्याचा दुसरा भाग आहे आणि तो मोडला तर पहिल्याला अर्थ नाही. वाळूत रुतलात तर हवा अठरावीसवर आणा पण मग स्पीड तीसच्या वर नेऊ नका आणि बाहेर पडल्यावर लगेच भरा. डांबर लागलं की पुन्हा ४०.

आता ह्यातली मुख्य गोष्ट. सकाळी थंड मोजून निघाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने थांबा आणि परत मोजा. चार ते सहा पीएसआय वाढली असेल तर सगळं ठीक. त्याच्यापेक्षा जास्त वाढली असेल तर टायर आतून तापतोय, म्हणजे सुरुवातीची हवा कमी होती किंवा वजन, स्पीड जास्त आहे. अशा वेळी हवा सोडायची नाही! हीच चूक मी पहिल्या वर्षी केली, दुसऱ्या दिवशी २४ वर निघाले, तासाने बघितलं तर ३४, वाटलं अरे बापरे फुगला, फुटेल, म्हणून पाच सोडली. म्हणजे ताप आलेल्या माणसावर गोधडी टाकली. करायचं उलट, स्पीड कमी करा, टायर गार होऊ द्या, आणि दोनचार पीएसआय वाढवा, मग परत अर्ध्या तासाने बघा. आमचं गणित दुसऱ्या थांब्याला जुळलं, ३२ चे ३७, आणि मग पुढचे चार दिवस तोच आकडा.

मीटर नसेल तर अण्णांची पद्धत. प्रत्येक थांब्याला ते चहाच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारतात, तळहात नाही तर हाताची मागची बाजू टायरच्या बाजूला लावतात, चारी टायर एकसारखे कोमट हवेत, एखादा वेगळा लागला की त्याच्याकडे बघायचं. एसटीला मागे जोडचाकं, आतलं दिसत नाही, म्हणून टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, टायरवर ठोकून आवाज ऐकायचे, टण्ण आला तर भरलेला, धप्प आला तर बसलेला. कूबर पीडीच्या पार्किंगमध्ये हे गृहस्थ सगळ्यांच्या गाड्यांना ठोकत फिरत होते, एका कॅरॅव्हॅनवाल्याचं मागचं चाक बसलेलं त्यांनी असंच पकडून दिलं, त्या म्हाताऱ्याने त्यांना बियर देऊ केली आणि अण्णांनी माळेकडे बोट दाखवून नको म्हटलं.

आता ती गळती. दुसऱ्या वर्षीच्या ट्रिपमध्ये पुढचा उजवा रोज सकाळी तीनचार पीएसआय खाली, भोक कुठेच नाही, साबणाचं पाणी फिरवलं तरी काही नाही. शेवटी व्हॉल्व्ह बोटाने जरा बाजूला वाकवला आणि बुडाशी बुडबुडे आले. झालं असं होतं की मी हौसेने व्हॉल्व्हच्या टोपणाच्या जागी बसणारे हवा दाखवणारे सेन्सर लावले होते, ते थोडे जड असतात, आणि रबराच्या व्हॉल्व्हवर ते पन्हाळी रस्त्याने दिवसभर हलत राहिले की बुडाला चीर पडते. सेन्सर वापरायचे असतील तर आधी धातूचे व्हॉल्व्ह बसवून घ्या, किरकोळ काम आहे. व्हॉल्व्ह ठीक असेल तर रिम आणि टायरच्या सांध्यावर साबण फिरवा, तिथे खडा अडकलेला असतो किंवा रिम चेपलेली असते.

भोक नक्षीत असेल तर दोरीवाल्या किटने स्वतः पंक्चर काढता येतं आणि ते जमलंच पाहिजे. दगड किंवा खिळा कुठल्या कोनात घुसलाय ते बघून मगच उपटा, कारण कानस त्याच कोनात घालायची असते. कानस जोरात मागेपुढे करून भोक खरखरीत करा, चिकट दोरी सुईत ओवून दोन तृतीयांश आत ढकला, सुई झटक्यात ओढा, बाहेर राहिलेलं टोक कापा. माझं भोक मोठं होतं, दोन दोऱ्या लागल्या, पण त्यावर ऊडनाडाट्याहून मार्लापर्यंत दोनशेदहा किलोमीटर साठच्या स्पीडने गेलो आणि हवा एकच पीएसआय उतरली. बाजूला चीर असेल तर मात्र दोरी घालू नका, ती जागा सारखी दुमडते, दोरी थुंकून टाकते. हवा भरायचा बारा व्होल्टचा पंप थेट बॅटरीला चिमट्याने लावायचा घ्या आणि इंजिन चालू ठेवून वापरा, लायटरच्या सॉकेटवाल्याने आमचा फ्यूज उडाला आणि त्याबरोबर मुलांचं चार्जिंगही, टायरपेक्षा त्याचाच गोंधळ जास्त झाला.

टायर कुठला घ्यावा ह्यावर लोक तासन्‌तास भांडतात. शहरातल्या दुकानाने मला पहिल्या वर्षी साधे पॅसेंजर टायर दिले होते, कुठे जाणार हे विचारलंही नाही, मीही सांगितलं नाही. एलटी म्हणजे लाइट ट्रक बांधणीच्या टायरची बाजू जाड असते, कच्च्या रस्त्याला नक्कीच बरे, पण महाग, आणि डांबरावर जरा खडखडीत. शिवाय तेवढंच वजन पेलायला त्यांना पॅसेंजर टायरपेक्षा जास्त हवा लागते, म्हणजे स्टिकरवरचा आकडा तसाच लागू होत नाही, बसवून घेतानाच तुमच्या गाडीच्या वजनासाठी किती ते विचारून लिहून घ्या. माझ्या मते आधी वजन आणि हवा सुधारा. एलटीमध्येही हवा कमी ठेवून शंभरने पळालात तर तोही शिजतो, फक्त जास्त पैशाचा शिजतो.

आम्ही वजन कसं कमी केलं तर छतावरची पेटी काढली, डिझेलचा एक कॅन कमी केला (विल्यम क्रीक आणि ऊडनाडाटा दोन्हीकडे मिळतं, आमच्या टाकीला पुरेसं आहे), पाण्याचे कॅन डिकीतून काढून मधल्या सीटच्या पायाशी ठेवले, आणि कणीक पाच किलोवर आणली. पाणी मात्र कमी करू नका. आणि पाऊस पडला असेल तर टायर वगैरे विसरा, मारी आणि लिंडहर्स्टला बोर्ड असतो कुठला रस्ता चालू कुठला बंद, बंद रस्त्यावर गेलात तर मोठा दंड आहे.

चाक बदलताना दोन गोष्टी आमच्या अंगावर आल्या. एक म्हणजे जॅक भुसभुशीत जमिनीत गाडीऐवजी स्वतःच खाली जातो, फळी हवी. आमच्याकडे नव्हती, माझं पोळपाट होतं, सागवानी, आईने दिलेलं. गाडी वर आली, पोळपाटाला मधोमध गोल खड्डा पडला तो आजही आहे, पोळी लाटताना तिथे पातळ होते. दुसरं म्हणजे दुकानात नट मशीनने इतके आवळतात की हाताने सुटत नाहीत, निघायच्या आधी घरी एकदा प्रत्येक चाकाचे नट स्वतःच्या पान्ह्याने सोडून परत आवळा, आणि रस्त्यात चाक बदललं की पन्नास-शंभर किलोमीटरवर थांबून परत आवळा. चाक बदलताना यूएचएफ रेडिओ (गाड्यांनी आपसात बोलायचा) चॅनल ४० वर ठेवा, रोड ट्रेनवाले त्याच्यावर असतात, त्यांना सांगितलं की लांबूनच स्पीड कमी करतात.

आणि स्टेपनी. गाडीखाली साखळीला लटकणारी असेल तर त्या गरगड्यात लाल धूळ बसून तो अडकतो, म्हणून ती घरीच एकदा उतरवून चढवून बघा. दोन स्टेपन्या नेता आल्या तर उत्तम, पण दुसरीचं वजनही मागेच पडतं हे धरून चाला. आम्ही तिसऱ्या वर्षी एकच नेली, लागली नाही. घरी आल्यावर धुवायला म्हणून उतरवली आणि सहज मीटर लावला तर तिच्यात १९.